डोळे उघडण्याआधी

नुकतंच जन्मलेलं कुत्र्याचं पिल्लू ना पाहू शकतं, ना ऐकू. स्वतःचं अंग ऊबदार ठेवणंही त्याला जमत नाही. आई चाटते, तेव्हाच शी-शू होते.

आई नसेल, तर हे सगळं माणसावर येतं. रात्री दर दोन-तीन तासांनी घरातलं कुणीतरी उठतं. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, कोमट पाण्यात भिजवलेला कापूस, पिल्लांसाठीची दूधपावडर. गाईचं दूध बाधतं. पाजताना पिल्लू पालथंच हवं. उताणं धरलं, तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं.

साधारण १० ते १४ दिवसांत डोळे किलकिले होतात. मग कानही उघडतात आणि कुकरच्या शिट्टीला अख्खी पलटण दचकते.

दत्तक द्यायची घाई मात्र आठ आठवड्यांआधी नको. चावा किती जोरात घ्यायचा, हे पिल्लं भावंडांशी मस्ती करतानाच शिकतात.