आधी भाकर, मग वाट

रोज विरार लोकलची गर्दी, कामावर टार्गेट आणि घरी आल्यावरही साहेबांचा फोन. अशा ताणाने कुणी खचला की आपण चटकन म्हणतो, "प्रार्थना कमी पडते." ते ऐकून तो अधिकच खचतो.

राजांच्या पहिल्या पुस्तकातील १९ वा अध्याय आपण वाचू या. कार्मेल पर्वतावर मोठे कार्य केलेला संदेष्टा एलिया राणीच्या धमकीने पळाला आणि रानात झुडपाखाली बसून मरण मागू लागला. त्याचा विश्वास संपला नव्हता. गाऱ्हाणे तो देवापाशीच करीत होता. देवाने त्याला दोष दिला नाही. देवदूताकरवी दोनदा भाकर व पाणी दिले, मध्ये झोपू दिले. त्यानंतर होरेबची वाट, मंद वाणी, नवे काम आणि सोबतीला अलीशा.

कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अशा थकव्याची दखल जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली घेतली. म्हणून विश्रांती घेणे, जवळच्या माणसाशी बोलणे, गरज पडल्यास समुपदेशकाकडे जाणे हा अविश्वास नव्हे. विश्वास आपल्याला आतून एवढे बळ देतो की, आपली किंमत साहेबांच्या शेऱ्यावर ठरत नाही. आपण देवाची लेकरे आहोत.

आज मिस्सानंतर कुणी थकलेला दिसला, तर आपण उपदेश बाजूला ठेवून आधी त्याची विचारपूस करू या. प्रभू आपल्या हातून त्याला भाकर देवो.