पेल्यातली हवा

१९९८ साली आमचा वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा निघाला. वाटणीत कुणाला काय मिळालं ते सरकार जाणे. ऊन मात्र दोघांकडेही पूर्णच राहिलं. म्हणून मे महिन्यात मी माठातल्या गार पाण्याचा काचेचा पेला उशाशी ठेवून झोपतो.

परवा तो प्यायचा राहिला. सकाळी पाहतो तो काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटलेले! मी तत्काळ निकाल दिला : साबण राहिलाय. आणि भांडी घासणाऱ्या मावशींना चार शब्द सुनावले.

“नाही जी भाऊ, तीनदा इसळला ना म्या,” एवढंच त्या म्हणाल्या. पण तेव्हापासून प्रत्येक भांडं उजेडात धरून मला दाखवू लागल्या. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं!

शेवटी शेजारच्या निवृत्त मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, “अहो, पाण्यात हवा विरघळलेली असते. गार पाण्यात ती जास्त मावते. शून्य अंशाला लिटरभर पाण्यात १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशाला जेमतेम ७.५. खोलीत पाणी कोमट झालं की जादा हवा बाहेर पडायला बघते. पण बुडबुडा धरायला तिला काहीतरी आधार लागतो : काचेवरचा ओरखडा, नाहीतर धुळीचा कण.”

खात्रीसाठी मी पाणी उकळून, झाकून गार केलं आणि त्याच पेल्यात ठेवलं. सकाळी बुडबुडा औषधालाही नाही! म्हणजे पेला निर्दोष, मावशी निर्दोष.

मग मनात आलं, आपल्या रागाचंही असंच नसेल? तो दिसतो ओरखड्यापाशी, म्हणून आपण ओरखड्यालाच धरतो. साहेब बोलले, बस चुकली, पेला धुतला नाही! हवा मात्र आपल्याच पाण्यातली. बरं, ओरखडा अगदीच निरपराध असंही नाही. पण तो नसता तरी ती हवा वरच्या वर, मुकाट्यानं निघून गेली असती. काही माणसांचा राग तसा जातोही. आमच्या हिचा जात नाही, पण तो विषय वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना म्हणालो, “चूक माझी. साबण नव्हता, पाण्यातच हवा होती.”

त्यांनी हातातला पेला सवयीनं उजेडात धरला, मग न दाखवताच पालथा घातला.

“पाण्यातबी असंन जी,” त्या म्हणाल्या, “पन त्या दिवशी तुमच्यात लय होती.”