चित्तोद्वेगाची कैफियत

नागपुरात छिंदवाडा मार्गावर १८६४ साली उभे राहिलेले वेड्यांचे इस्पितळ आज प्रादेशिक मनोरुग्णालय या नावाने चालते, तरी जवळच्या चौकाला लोक अद्याप पागलखाना चौकच म्हणतात. आणि मनाच्या व्याधींविषयी आपल्या समाजाने दीर्घकाळ जो विचार केला, तो बहुतांशी अशा इस्पितळांच्या भिंतींनीच आखून दिलेला होता, असे मला वाटते. आत गेला तो वेडा, बाहेर राहिला तो शहाणा. मग जो माणूस नियमाने कचेरीत जातो, हिशेब चोख ठेवतो, लेकीच्या लग्नाची तजवीज करतो, आणि तरीही ज्याचा जीव रात्रंदिवस टांगणीला लागलेला असतो, त्याची नोंद कोणत्या दप्तरात करावयाची?

आपल्या प्राचीन वैद्यकाने असा अडसर घातलेला नव्हता. चरकसंहितेच्या विमानस्थानात मनोविकारांची गणना करताना काम, क्रोध, शोक व भय यांच्याच पंक्तीला चित्तोद्वेगही बसविला आहे. शिवाय पथ्यकर आणि मित अन्नसुद्धा चिंतेने व भयाने ग्रासलेल्या माणसाला पचत नाही, असे त्याच स्थानात सांगितले आहे. मनातील उद्वेग पोटात प्रकट होतो, हे ज्यांनी इतक्या पूर्वी ओळखले, त्यांच्या निरीक्षणाविषयी मला नितांत आदर वाटतो.

इंग्रजी अमलात मात्र या विषयाची सूत्रे फौजदाराच्या हाती गेली. भटकणाऱ्या वेडसर इसमास पोलिसांनी ताब्यात घ्यावे, दंडाधिकाऱ्यापुढे रुजू करावे आणि त्याच्या हुकुमाने इस्पितळात दाखल करावे, हा १८५८ चा जाबता १९१२ च्या कायद्यानेही चालू ठेवला, आणि १९८७ चा कायदा १९९३ मध्ये अमलात येईपर्यंत तो १९१२ चाच कायदा लागू राहिला. ज्या व्याधीचा पहिला साक्षीदार शिपाई, तिची वाच्यता कोणता गृहस्थ करील? त्याने पित्ताची तक्रार सांगितली, अशक्तपणा सांगितला, आणि भीती गिळली.

तिकडे युरोपात १८९५ साली फ्रॉइडने चिंताविकार हा मज्जादौर्बल्याहून निराळा काढला होता, आणि १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी अकस्मात उसळणारी भीती व सदैव रेंगाळणारी काळजी यांना दोन स्वतंत्र स्थाने दिली. हा भेद मला अतिशय मोलाचा वाटतो, कारण दोहोंची ओळख आणि दोहोंवरील उपाय सारखे नाहीत.

सीताबर्डीच्या गर्दीत, व्हरायटी चौकाजवळ, एखाद्याचे हृदय एकाएकी धडधडू लागते, श्वास अपुरा पडतो, तळहात ओले होतात, बोटांना मुंग्या येतात, आणि आपण आता मरणार अशी त्याची खात्री होते. इस्पितळात काढलेला हृदयाचा आलेख निर्दोष निघतो, आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. हृदय, थायरॉईड व रक्तक्षय यांची तपासणी आधी झालीच पाहिजे. परंतु काही नाही, हे खरे नव्हे. असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो, एवढे जरी कोणी त्याला समजावले असते, तरी तो दुसऱ्या दिवसापासून बर्डी टाळून धंतोलीच्या वाटेने जाऊ लागला नसता. टाळल्याने तत्काळ सुटका होते, म्हणून मन पुन्हा टाळण्याचाच कौल देते, आणि भीतीचा अंमल चौकावरून बसपर्यंत, बसवरून घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपतो. म्हणून उपचाराची दिशा नेमकी उलट असते: प्रथम सोबतीने, मग एकट्याने त्याच चौकात जावे, उच्छ्वास दीर्घ ठेवावा, आणि भीती उतरेपर्यंत तेथून हलू नये.

रेंगाळणारी काळजी झोप मोडते, मान-खांदे आखडविते, चिडचिड वाढविते. तिला दिवसातील एक ठरावीक वेळ नेमून द्यावी, ती कागदावर उतरवावी, आणि तिच्यातले आपल्या हाती काय आहे ते वेगळे काढावे. विदर्भात पुष्कळ जण बेचैनी घालविण्यासाठी खर्रा तोंडात टाकतात. पण त्यातील तंबाखू हृदयाची गती वाढविते, आणि तलफ ही आणखी एक बेचैनी होऊन बसते, हे मी तळमळीने सांगू इच्छितो.

२०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क मानला, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही निःशुल्क सल्ला मिळतो. झोप आणि कामकाज कित्येक आठवडे बिघडलेले असेल, तर हा क्रमांक फिरवावा, किंवा मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार विभागात केसपेपर काढावा. आणि घरच्या एखाद्या माणसाने त्या वेळी सोबत जावे.