रंधा केव्हा मारावा?

आमच्या कोकणातील घरात आईचे एक जुने सागवानी कपाट आहे. त्याच्या उजव्या दाराच्या कडेला वेगळ्या रंगाची एक पट्टी दिसते. ती माझ्या उतावळेपणाची खूण होय.

एका आषाढात ते दार अडकू लागले. दोन-तीनदा ओढूनही उघडेना, तेव्हा मी चिडून रंधा घेतला आणि कड तासून टाकली. दार त्याच दिवशी सहज फिरू लागले. पौषात मात्र तेथे दोन नाणी सरकतील एवढी फट पडली. हवेतील ओलावा शोषून लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ बदलत नाही. हवा कोरडी झाली की ते पुन्हा आक्रसते. फुगणे हंगामापुरते होते, तासणे कायमचे ठरले.

पट्टी बसवायला आलेल्या वृद्ध सुताराने प्रथम बिजागऱ्या हलवून पाहिल्या. वरची बिजागरी सैल झाली की दार कलते आणि त्याचा खालचा कोपरा चौकटीला घासतो. अशा वेळी कोपरा तासणे व्यर्थ. स्क्रूच्या रुंदावलेल्या भोकात सरस लावलेली खुंटी ठोकून बिजागरी घट्ट करावी लागते. जेथे घासते, तेथेच दोष असतो असे नाही.

हे ऐकताना मला माझा धाकटा भाऊ आठवला. वडील गेले त्या वर्षी तो शब्दाशब्दाला खटके उडवी. एके दिवशी मी सर्वांदेखत त्याला म्हणालो, “या घराचा भार तू कधी उचललास?” बोल खोटा नव्हता, पण तो दुःखाने फुगला होता, आणि मी ती त्याची कायमची रुंदी समजलो. पुढे त्याचे दुःख ओसरले, माझे वाक्य मात्र राहिले.

मग दुसऱ्याचा दोष दाखवूच नये काय? तसे म्हणणे भित्रेपणाचे होईल. कोरड्या ऋतूतही दार अडकत असेल, तर रंधा मारलाच पाहिजे. तोही घासल्याची खूण पाहून, थोडाथोडा. लूककृत शुभवर्तमानातील अंजिराच्या दाखल्यात (१३:६-९) माळी एका वर्षाची मुदत मागतो. त्या मुदतीत तो स्वस्थ बसणार नाही, खणून खत घालणार आहे; आणि फळ न आल्यास झाड तोडण्यासही त्याची हरकत नाही. प्रतीक्षा म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. ज्याची भरपाई आपल्याला करता येणार नाही ते करण्यापूर्वी, भरपाई होण्याजोगे सारे करून पाहणे, एवढाच तिचा अर्थ.

भाऊ दर नाताळाला घरी येतो, सभ्यपणे बोलतो, लवकर निघतो. कपाटाला मी पट्टी लावून घेतली. त्याच्याकडे क्षमा मागणे अद्याप राहिले आहे. आणि त्यासाठी कोणत्याही ऋतूची वाट पाहण्याचे कारण नाही.