शिडी, फांसा आणि प्रयत्न

दैव मोठें कीं प्रयत्न मोठा, हा वाद आपल्याकडे इतका जुना आहे कीं, त्यावर नवें कांहीं सांगूं म्हणणारानें वाचकांच्या जांभईची तयारी ठेवावी. आम्हांस एवढेंच पाहावयाचें आहे कीं, हा प्रश्न ज्यांनीं ग्रंथांत न सोडवितां खेळांत सोडविला, त्यांनीं तो कसा सोडविला. कारण ग्रंथ थोडे वाचतात आणि खेळ बहुतेक सर्वच खेळतात.

पट म्हटलें कीं भंडारा जिल्ह्यांतल्या मनुष्यास प्रथम आठवतो तो शंकरपट : दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्रीं झाडीपट्टीचें नाटक. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अशा शर्यतींना मनाई केली व २०२३ सालीं महाराष्ट्राचा सुधारलेला कायदा ग्राह्य ठरविला, त्यामुळें हा पट पुन्हां भरूं लागला आहे. त्यांत धांवतो बैल आणि मिरवतो धनी; श्रम कोणाचे व यश कोणाचें, याचा तोहि एक निवाडाच म्हणावयाचा! परंतु आमच्या मनांतला पट निराळा आहे. तो घरांत जमिनीवर पसरावयाचा, कवड्यांनीं खेळावयाचा मोक्षपट होय.

मोक्षपट ज्ञानेश्वरांनीं रचिला अशी परंपरा आहे. ती श्रद्धेनें ऐकावी, इतिहास म्हणून तिच्यावर भार घालूं नये. पटावरील घरांना सद्गुणांचीं व दुर्गुणांचीं नांवें. सद्गुणाच्या घरीं शिडी, दुर्गुणाच्या घरीं सर्पाचें मुख, आणि सर्वांवर मोक्षाचें घर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ विलायतेंत गेला आणि कालांतरानें नीतीचीं नांवें गळून नुसते आंकडे उरले. आपण आज ज्यास सापशिडी म्हणतों ती हीच.

येथें एक विसंगति आहे. घरांवरचीं अक्षरें सांगतात कीं, जसें आचरण तशी गति. खेळाचा नियम मात्र सांगतो कीं, जसें दान तशी गति. दयेच्या घरीं जो पोंचला तो दयाळू होता म्हणून नव्हे, कवड्या तशा पडल्या म्हणून. कोणी म्हणेल, दान म्हणजे पूर्वकर्म. असेल, पण मग या जन्मींच्या खेळाडूला करावयास काय उरलें?

आतां दुसरी शिडी पाहा. क्योतो शहरांत १८८९ सालीं पत्ते तयार करण्यासाठीं निघालेल्या निंटेंडो कंपनीनें पुढें यंत्रावरचे खेळ काढले. तिचा ‘रडार स्कोप’ नांवाचा खेळ अमेरिकेंत चालला नाहीं व यंत्रें पडून राहिलीं. तीं वापरांत आणण्यासाठीं शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे नवा खेळ सोंपविण्यांत आला. त्यास अगोदर पॉपाय हा प्रसिद्ध खलाशी हवा होता. त्याचे हक्क न मिळाल्यामुळें त्यानें एक वानर, एक सुतार आणि एक तरुणी अशीं पात्रें स्वतः कल्पिलीं. १९८१ सालीं ‘डाँकी काँग’ अवतरला. हाच सुतार पुढें मारिओ या नांवानें जगभर गाजला. वानर तरुणीला पळवून लोखंडी तुळयांच्या माथ्यावर जाऊन बसतो व वरून पिंपें लोटतो. सुतारानें शिड्या चढत, पिंपांवरून उड्या मारीत वर जावयाचें. येथें शिडीला पुण्य लागत नाहीं. नजर व बोटें पुरेत. दैव अगदींच नाहीं असें मात्र नव्हे. शिडीच्या तोंडाशीं आलेलें पिंप कधीं सरळ पुढें जातें, कधीं अकस्मात् तीच शिडी उतरतें.

आमच्या मतें या रचनेची खरी नीति नाण्याच्या फटींत आहे. तीन जीव संपले कीं यंत्र जणूं म्हणतें, चूक तुझी होती, पुन्हां प्रयत्न कर. आणि त्या प्रयत्नाचें मोल नाणें टाकून द्यावें लागतें. ‘सर्व तुझ्याच हातीं आहे’ हें वाक्य उत्तेजक खरें, पण तें कोणाच्या लाभाचें आहे हेंहि पाहिलें पाहिजे. परीक्षेंत मागें पडलेल्या मुलास आपण सुशिक्षित मंडळी हेंच वाक्य ऐकवितों, आणि त्यास सर्व अपयश एकट्यानें वाहावयास लावतों. मोक्षपटावर आजी आणि नातू एकाच सर्पाच्या मुखीं पडत, व हंसत. हरणारास लाज वाटावी असें त्यांत कांहीं नव्हतें. त्या पटानें सद्गुण कितपत शिकविले याविषयीं आम्ही साशंक आहोंत, परंतु पडलेल्यास दोष न देण्याची संवय त्यानें लाविली असावी.

‘डाँकी काँग’ला मोक्षाचें घरहि नाहीं. वानर पडला कीं खेळ पुन्हां पहिल्या तुळईपासून, अधिक कठीण होऊन सुरू. फार थोडे कुशल खेळाडू २२व्या फेरीपर्यंत पोंचतात. प्रत्येक फेरीचा वेळ यंत्र हिशेबानें ठरवितें, आणि त्या हिशेबाच्या घरांत २५५ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. २२व्या फेरीस ती २६० होते, व यंत्राजवळ उरतात फक्त ४. मग माथ्यावर पोंचण्यापूर्वींच वेळ सरतो आणि सुतार जागच्या जागीं मरतो. त्याला ना पिंप लागलेलें असतें, ना त्याची उडी चुकलेली असते.