वाळलेलं मडकं, भाजलेलं मडकं



आजचं वाचन : ज्ञानेश्वरी, अध्याय ९, शेवटचा भाग.

नवव्या अध्यायाच्या शेवटाकडे भगवंत अर्जुनाला एक फार मोठं आश्वासन देतात. माणूस आजवर कितीही वाईट वागलेला असो, तो अनन्यभावाने भक्तीला लागला तर त्याला साधूच समजावं, कारण त्याचा निश्चय योग्य जागी बसला आहे. आणि असा माणूस लवकरच धर्मात्मा होतो. हा भाग मी किती वेळा वाचला असेल, मोजलेलं नाही. दर वेळी धीर येतो. या वेळी मात्र वाचता वाचता अडले. 'होतो' म्हणजे नक्की काय होतं त्याचं? तो खरंच बदलतो, की काही दिवस बदलल्यासारखा दिसतो?

हा प्रश्न मनात आला तो माझ्या भाचीमुळे. मागच्या रविवारी ती विज्ञानाचा गृहपाठ घेऊन माझ्याकडे आली होती. भौतिक बदल आणि रासायनिक बदल. बर्फ वितळणं, दुधाचं दही होणं, लोखंड गंजणं, मीठ पाण्यात विरघळणं, कागद फाडणं अशी यादी होती आणि प्रत्येकापुढे बदलाचा प्रकार लिहायचा होता. तिने कागद फाडण्यापुढे 'रासायनिक' लिहिलं. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "मावशी, फाटलेला कागद परत पहिल्यासारखा होतो का? नाही ना? मग रासायनिक!"

ही चूक तिची एकटीची नाही. आपण बहुतेक जण शाळेतून हेच लक्षात ठेवून बाहेर पडतो : परत फिरतो तो भौतिक, फिरत नाही तो रासायनिक. खरी कसोटी वेगळी आहे. नवा पदार्थ तयार झाला का, एवढंच बघायचं. कागदाचे शंभर तुकडे केले तरी प्रत्येक तुकडा कागदच असतो, म्हणून बदल भौतिक. तोच कागद जाळला तर राख उरते, धूर आणि वायू हवेत जातात, कागद नावाची वस्तू राहतच नाही. तो रासायनिक. उलट, घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी वापरताना आत रासायनिक बदल होतो आणि चार्जिंगला लावली की तोच बदल उलट दिशेने होतो. म्हणजे परत फिरणारा रासायनिक बदलही असतो आणि कधीच न फिरणारा भौतिक बदलही असतो.

तिला देवघरातलं उदाहरण दिलं. कापराची डबी उघडी राहिली तर काही दिवसांनी वड्या बारीक होत जातात. कापराची वाफ होऊन तो हवेत जातो, पण हवेतही तो कापूरच असतो, म्हणून तर घरभर वास येतो. आरतीत कापूर पेटवला की त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, उष्णता आणि उजेड मिळतो, काजळी धरते आणि कापूर म्हणून काही शिल्लक राहत नाही. ताट दोन्हीकडे रिकामंच दिसतं. एकीकडे कापूर नुसता जागा बदलून बसलाय, दुसरीकडे तो संपलाय.

भाचीने खोडून 'भौतिक' लिहिलं आणि खेळायला गेली. मी मात्र त्या रिकाम्या ताटापाशीच राहिले, कारण मला आई आठवत होती.

सांगते. यंदा आषाढात मी पुण्याहून सासवडपर्यंत पालखीबरोबर चालले. एकच दिवस, पण दिवेघाट चढताना जे झालं ते शब्दांत नाही येत. ओळख ना देख, तरी प्रत्येक जण एकमेकांना 'माऊली' म्हणत होता. कोणी पाणी पुढे केलं, कोणी हात धरून वर ओढलं. घरी आले तेव्हा पाय सुजले होते आणि मन लोण्यासारखं मऊ झालं होतं. आठवडाभर ते टिकलं. ऑफिसच्या कॉलवर आवाज चढला नाही, ट्रॅफिकमध्ये चिडचिड झाली नाही. मनात म्हटलं, झालं बाई काहीतरी. बदललो आपण.

मग एका सकाळी आईला फोनवरून वीजबिल भरायचं होतं. ओटीपी कुठे येतो, तो कुठे टाकायचा, हे तिने दोनदा विचारलं. माझी मीटिंग सुरू होणार होती. तिने तिसऱ्यांदा विचारलं आणि मी ओरडले. "किती वेळा सांगायचं गं तुला? एवढंही कळत नाही?" ज्या तोंडाने दिवसभर अनोळखी माणसांना माऊली म्हटलं होतं, त्याच तोंडाने. आई फक्त म्हणाली, "राहू दे." आणि फोन घेऊन आत गेली.

त्यानंतर तिने मला फोनमधलं काहीही विचारलेलं नाही. ती शेजारच्या मुलीकडे जाते.

आता परत वाचनाकडे येऊ. देवापाशी आलं की माणसामाणसातले भेद कसे गळून पडतात, हे सांगताना माऊली या अध्यायात एकापाठोपाठ एक दृष्टांत देतात. ओहोळ गंगेला मिळतात. खैर आणि चंदन ही लाकडं अग्नीत पडून एक होतात. मिठाचे कण समुद्रात जातात. लोखंड परिसाला भिडतं. आजवर मला हे सगळे दृष्टांत एकाच अर्थाचे वाटायचे, आणि माऊलींना जे सांगायचंय त्यासाठी ते आहेतच. पण भाचीचा गृहपाठ डोक्यात असताना वाचलं आणि मला माझ्यापुरतं काहीतरी वेगळं दिसलं.

मीठ समुद्रात विरघळतं हा भौतिक बदल आहे. कण दिसेनासे होतात, पण चव राहते. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून जाताना भांडुप-मुलुंडच्या बाजूला मिठागरं दिसतात ना? तिथे खाऱ्या पाण्याला उथळ वाफ्यांत अडवतात, उन्हाने पाणी उडून जातं आणि मीठ खाली बसतं. ते नवीन तयार झालेलं नसतं. ते पाण्यात होतंच. माझी वारी अशीच होती. समुद्रात होते तोवर मी दिसत नव्हते. पाणी हटलं, ऑफिसचं ऊन लागलं, आणि मी खड्यासकट खाली बसले.

लाकडाचं तसं नाही. खैराला आणि चंदनाला अग्नीतून परत आणता येत नाही. आग विझली तरी राखेचं लाकूड होत नाही. बाहेरची परिस्थिती बदलली की जो बदल मागे फिरतो, आणि परिस्थिती बदलली तरी जो राहतो, यांत मला माझ्यापुरता हा फरक दिसला.

परिसाचा दृष्टांत मी बाजूला ठेवते. लोखंडाचं सोनं रासायनिक बदलानेसुद्धा होत नाही, कारण रासायनिक बदलात अणूंची जुळणी बदलते, मूलद्रव्य तेच राहतं. ते काम कृपेचं आहे, आपल्या हातातलं नाही. आपल्या हातात काय आहे, ते मला एका कुंभाराच्या गोष्टीत सापडलं.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाई गोरोबाकाकांना विचारते, हे लाकडी काय आहे? ते म्हणतात, थापटणं, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही परीक्षा घ्या, असं ती म्हणते. काका एकेकाच्या डोक्यावर थापटत जातात. सगळे शांत बसतात, नामदेव मात्र चिडतात. काका सांगतात, हे मडकं कच्चं आहे. रागावलेले नामदेव पांडुरंगाकडे तक्रार घेऊन जातात आणि पांडुरंग त्यांना गुरू करायला विसोबा खेचरांकडे पाठवतो.

या गोष्टीत नामदेव कमी पडले म्हणून मला लहानपणी वाईट वाटायचं. आता कुंभाराच्या बाजूने बघते तेव्हा वेगळंच कळतं.

ओल्या मातीचं मडकं उन्हात वाळवलं की ते टणक होतं, उचलता येतं, दिसायलाही मडकंच. पण मातीच्या कणांमधलं पाणी उडून गेलंय, एवढाच बदल झालेला असतो. भौतिक बदल. ते पाण्यात ठेवा, थोड्या वेळात परत चिखल. भट्टीत तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जायला लागलं की मातीच्या खनिजांच्या रचनेत बांधलेलं पाणी निघून जातं, ती रचना मोडते आणि वेगळी होते. मातीतलं लोह ऑक्सिजनशी संयोग पावून लाल रंग येतो. आता तिची माती होत नाही. मडकं फुटलं तरी खापर उरतं, चिखल नाही. गोरोबाकाकांच्या तेर गावातच उत्खननात सातवाहन काळातल्या भाजलेल्या मातीच्या वस्तू सापडल्या आहेत. साधारण दोन हजार वर्षं पावसापाण्याच्या जमिनीत राहून त्या विरघळल्या नाहीत.

म्हणजे मडकं भाजलंय का, हे पाणी पडल्यावर कळतं. किंवा कोणीतरी थापटल्यावर. तिसऱ्यांदा ओटीपी विचारणारी आई हे माझं थापटणं होतं.

पण कुंभार आणखी एक गोष्ट करतो, आणि ती मला फार धीर देते. तो ओलं मडकं कधीच भट्टीत घालत नाही. आत पाणी राहिलं तर त्याची वाफ होऊन मडकं तडकतं. म्हणून आधी सावकाश वाळवायचं. तेव्हा वाळणं वाया जात नाही. वारी, पारायण, सकाळचा हरिपाठ, आठ दिवस टिकलेला तो मऊपणा, हे सगळं वाळणं आहे. ते खोटं नव्हतं. फक्त मी त्यालाच भाजणं समजले. गोरोबाकाकांनीही नामदेवांना फुटकं म्हटलं नाही, कच्चं म्हटलं. कच्च्याला भट्टीची वाट मोकळी असते.

मग भट्टी कुठली? नामदेवांना ती देवळातल्या प्रेमाच्या भेटीत मिळाली नाही, जिथे अपमान वाटला तिथून पुढे मिळाली. मला वाटतं, आपली भट्टीसुद्धा तिथेच असते जिथे चटका बसतो आणि आपण उठून जात नाही. मीटिंग सुरू होत असताना तिसऱ्यांदा उत्तर देणं. चूक आपली आहे हे मोठ्याने म्हणणं. वारीत गोड बोलायला काही लागत नाही, सगळेच गोड बोलत असतात.

इथे एक धोक्याची गोष्टही लिहायला हवी. पक्का बदल म्हणजे चांगला बदल, असं नाही. लोखंड गंजतं तोही रासायनिक बदल, दूध नासतं तोही. नवा पदार्थ तयार होतो हे खरं, पण कोणता? माझ्या आरड्याओरड्याची आच आईलाही लागत होती. ती एक दिवसाची नव्हती, वर्षांची होती. तिच्या "राहू दे"मध्ये मला त्या दिवशी राग ऐकू आला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. राग असता तर तो निवळला असता. तिच्यात काहीतरी वेगळं तयार झालं होतं : हिला विचारायचं नाही, हे. आपण स्वतःच्या साधनेचा हिशेब ठेवतो, आपल्या तापटपणावर दुसरं कोण भाजून निघालं त्याचा ठेवत नाही.

मी आईची माफी मागितली. ती म्हणाली, "कधीचं काय घेऊन बसलीस." आणि तरीही पुढच्या महिन्याचं बिल भरायला शेजारीच गेली.

आता रविवारी संध्याकाळी मी तिच्याजवळ बसते. फोन तिच्या हातात, माझे हात माझ्या मांडीवर. परवा तिने बऱ्याच दिवसांनी विचारलं, "हे मागे कसं जायचं गं?" मी सांगितलं. थोड्या वेळाने तेच परत विचारलं. मी परत सांगितलं. आवाज शांत होता. आत मात्र तीच जुनी उकळी आली होती, ते मला माहीत आहे आणि माझ्या विठ्ठलाला. म्हणजे अजून कच्चंच आहे. पण या वेळी मी उठून गेले नाही.

रासायनिक बदलात वस्तुमान घटत नाही. जेवढे अणू आधी, तेवढेच नंतर. फक्त बंध मोडतात आणि नवे जुळतात. कापरातला कार्बनसुद्धा नाहीसा होत नाही. हे वाचून मला 'लवकरच धर्मात्मा होतो' याचा थोडा अर्थ लागला. भगवंत आपल्यातलं काही काढून फेकत नसावेत. जी घाई आणि जो हट्ट माझ्याकडून आईवर ओरडायला लावतो, त्याच हट्टाने मी पायाला फोड आलेले असताना सासवड गाठलं होतं. तोच हट्ट वेगळ्या ठिकाणी जोडला जावा, एवढंच मागणं आहे.

आजच्यासाठी एक छोटी गोष्ट करू या. आपण 'बदललोय' असं ज्या बाबतीत आपल्याला वाटतं, ती एक बाब घ्या. आणि ज्याच्यासमोर ती सगळ्यात आधी विरघळते, त्या माणसाजवळ आज दहा मिनिटं बसा. काही सिद्ध करायचं नाही. फक्त उठायचं नाही.

पांडुरंगा, वाळवलंस तसं भाजूनही घे. आणि माझ्या आचेने जे पोळले, त्यांना आधी सांभाळ.

राम कृष्ण हरी.