न प्यायलेल्या मद्याची नशा

हलकी, थंड करून प्यायची रेड वाइन आणि तिच्यामागे प्रेरणा संगीताची, सुफी परंपरेची. अशी बाटली चेन्नईत उघडली तर दोन प्रश्न उभे राहतात: एक जिभेचा, दुसरा श्रद्धेचा.

जिभेचा लवकर सुटतो. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा रिवाज युरोपातल्या गार खोल्यांमधला. चेन्नईच्या मे महिन्यात तो चालत नाही. मात्र द्राक्षाच्या सालीतून उतरणारं टॅनिन थंड झालं की जास्तच तुरट लागतं. म्हणून अशा वाइनसाठी रस सालींसोबत थोडाच वेळ ठेवतात. किंवा फ्रान्समधल्या बोजोलेत गामे द्राक्षांचं करतात, तसे अख्खे घड कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या टाकीत आंबवतात. तुरटपणा कमी, चव ताज्या फळांची. बारा-चौदा अंशांना ती छान लागते.

श्रद्धेचा प्रश्न हजार वर्षांहून जुना आहे.

इस्लामला मद्य निषिद्ध. तरीही ईश्वरप्रेमात भान हरपणं सांगायला सुफींनी मद्य, प्याला आणि साकी हेच शब्द उचलले. नवव्या शतकातले बायजीद बिस्तामी नशेच्या वाटेचे मानले जातात. बगदादचे जुनैद (मृत्यू ९१०) शुद्धीच्या. अकराव्या शतकात लाहोरला स्थिरावलेल्या हुजविरींनी ‘कश्फ-उल-महजूब’मध्ये दोन्ही वाटा तोलून जुनैद यांचा पक्ष घेतला. भान हरपणं त्यांनी नाकारलं नाही. त्यातून माणूस परत येतो का, आणि आल्यावर कसा वागतो, याला जास्त मोल दिलं.

ही नशा चढायची ती कानावाटे. दिल्लीचे कुतबुद्दीन बख्तियार काकी १२३५ साली कव्वालीची एक ओळ ऐकता ऐकता भावावस्थेत गेले आणि त्यातच त्यांनी देह ठेवला, असं परंपरा सांगते. इस्लामी धर्मचिंतक गझालींनी समा, म्हणजे भक्तिसंगीताच्या श्रवणाला, योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती अशा अटी घातल्या होत्या. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. तुळशीची माळ गळ्यात पडली की वारकऱ्याचं मद्य सुटतं, आणि तोच वारकरी टाळांच्या ठेक्यावर देहभान विसरून नाचतो.

चेन्नईतही हा धागा जिवंत आहे. रामनाथपुरम भागात जन्मलेले तमिळ सुफी कवी गुणंगुडी मस्तान साहिब एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर चेन्नईत राहिले. त्यांच्या शिष्यांत हिंदूही होते. त्यांच्या पदांत परमेश्वर कधी रहमान, तर कधी मनोन्मणी ही प्रेयसी होतो. सुमारे तीनशे किलोमीटर दक्षिणेला नागूरचा शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. त्याचा सर्वांत उंच, १३१ फुटी मिनार तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह (कारकीर्द १७३९–१७६३) यांनी बांधवला. त्यांचे खापरपणजोबा मालोजी भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं बखरी सांगतात. दर्ग्याशी जडलेलं हे नातं भोसले घराणं तंजावरपर्यंत घेऊन गेलं.

मग त्या परंपरेचं नाव बाटलीला द्यावं का? हलकी वाइन शुद्ध हरपू देत नाही, म्हणून ती जुनैद यांच्या जवळची, असं कुणी म्हणेल. पण जुनैद यांची शुद्ध नशेच्या पलीकडची आहे. कमी प्यायल्याने ती हाती लागत नाही. सुफींनी द्राक्षाचा शब्द घेतला आणि द्राक्ष बाजूला ठेवलं. बाटली नेमकं उलट करते: द्राक्ष ठेवते आणि साधना बाजूला सारते.

तमिळनाडूत या उसनवारीला आणखी एक वजन आहे. २००३पासून तिथली किरकोळ दारूविक्री टास्मॅक या सरकारी महामंडळाकडे आहे आणि दारूची दुकानं बंद करा म्हणत तिथल्या बायका वारंवार रस्त्यावर उतरल्या आहेत. नागूरच्या उंबऱ्यावर सर्व धर्मांच्या बायका नवस बोलायला येतात. वाइनकर्त्याने रागाचं, तालाचं, मैफलीचं नाव खुशाल घ्यावं. गाणं ऐकता ऐकता गार ग्लास हातात असण्यात वावगं काही नाही. सुफी संताचं, दर्ग्याचं किंवा समाचं नाव मात्र त्याने लेबलवर छापू नये. ज्यांच्या घरात दारूने दुःख आणलं, त्यांच्यासाठी ती नावं आसऱ्याची आहेत.